फुलीखालची सही

आधीच सांगून ठेवते. पार्जिटरच्या खेचराबद्दल पुढे जे येईल, त्यातलं अक्षरही खरं मानू नका. बाकीचं सगळं खरं आहे. कालव्याकाठच्या आमच्या ब्राउन्स्टनमध्ये कुणालाही विचारा, ते उलटंच सांगतील. म्हणतील, सलीना टॉली सकाळी "पाऊस पडतोय" म्हणाली तरी खिडकीतून हात बाहेर काढून बघावं. असू दे. सत्त्याहत्तर वर्षांत एवढं नाव कमावलंय, ते आता कशाला घालवू?

रोलंड क्विल्टर-पार्जिटर माझ्या दारी आला तो मार्चमध्ये, हातात चामड्याची बॅग आणि पायात कधी चिखल न पाहिलेले बूट. लंडनचा निवृत्त वकील. आडनावातलं पार्जिटर त्याने मागाहून जोडलेलं होतं, आईकडचं म्हणून. कालव्यावर कोळसा वाहणारी सात पिढ्यांची माणसं आपली, ही आईने कधी न सांगितलेली गोष्ट त्याला उतारवयात कळली आणि तो हरखून गेला. आता तो घराण्याचा इतिहास लिहीत होता, आणि पुलाजवळच्या भिंतीत एक दगड बसवणार होता. त्यावर सात नावं. शेवटचं नाव त्याच्या आईचं, झिला पार्जिटर.

ते नाव ऐकलं आणि माझ्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. कालव्याचं पाणी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लॉकच्या दारांत अर्धं आयुष्य गेलेल्या बाईला पाणी कधी अडवायचं ते कळतं.

त्याने बॅगेतून एक कागद काढला. एकोणीसशे एकोणीस सालचा, बॅनबरीच्या धक्क्यावर नावा तपासणाऱ्या साहेबाच्या नोंदवहीतला उतारा. "पार्जिटरच्या नावेवर नवरा, बायको आणि त्यांची मुलगी झिला, वय सात," असं त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. कालव्यावरच्या म्हाताऱ्यांना येत नाही, असं त्याने कुठंतरी वाचलं असणार. मला येतं. साठाव्या वर्षी शिकले, पुलावर दर मंगळवारी थांबणाऱ्या वाचनालयाच्या गाडीत. पण माणसाने स्वतः होऊन आंधळेपण पत्करलं तर आपण दिवा कशाला धरावा?

"आणि इथे खाली सहीच्या जागी साक्षीदाराची फुली आहे," तो म्हणाला. "अँब्रोझिन टॉली. तुमच्या कुणी लागतात का, मिसेस टॉली?"

"मिसेस नाही," मी म्हटलं. "आमच्यात म्हाताऱ्या बाईला मावशी म्हणतात."

"बरं, मावशी. कुणी लागतात?"

"आई," मी म्हटलं, आणि त्याच्या कपात साखर टाकली.

ती फुली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तिच्याबद्दल ऐकलं मात्र रोज होतं.

नावेच्या मागच्या बाजूला आमची खोली, लांबी दहा फूट. त्यात चूल, बिछाना, भिंतीवर रंगवलेले गुलाब, आणि माणसं. किती माणसं राहायची ते सरकार ठरवायचं. आमच्या नावेला नवरा, बायको आणि दोन मुलं एवढीच परवानगी. झिला तिसरी. म्हणून तपासनीस साहेब दिसला की जास्तीची पोरं शेजारच्या नावेवर जायची, साहेब गेला की परत यायची. यात कुणाला काही वाटायचं नाही. आज माझी तुझ्याकडे, उद्या तुझी माझ्याकडे. मीठ उसनं मागावं तशी पोरं उसनी जायची.

त्या दिवशी झिला मागे बांधलेल्या पार्जिटरच्या नावेवर गेली. पार्जिटर स्वतःच्या नावेचा मालक, आमचे वडील कंपनीच्या नावेवर. पार्जिटरला मूल नव्हतं. साहेबाला संशय आला. त्याने आईला विचारलं, ती पोरगी कुणाची? आई घाबरली. म्हणाली, पार्जिटरची. साहेबाने तेच कागदावर उतरवलं आणि टाक तिच्या हातात दिला. लिहिलेलं काय ते तिला कळत नव्हतं, पण साहेब कधी एकदा जातो असं झालं होतं. तिने फुली मारली.

साहेब गेला. पार्जिटरीण म्हणाली, राहू दे ना ऑक्सफर्डपर्यंत, पोर रमलीय. मग म्हणाली, राहू दे वसंतापर्यंत. मग एक दिवस त्यांची नाव लंडनच्या कालव्याला लागली आणि दोन वर्षं दिसलीच नाही. परत आली तेव्हा झिलाच्या पायात नवे बूट होते आणि ती आईला ओळख देईना. आई भांडली, रडली, पोलीस घेऊन आली. पार्जिटरने पोलिसाला कागद दाखवला. फुली कुणाची, म्हणून पोलिसाने विचारलं. माझी, आई म्हणाली. खोटं बोलायला तिला जमायचं नाही, तो गुण माझ्यात कुठून आला कोण जाणे. पार्जिटर हसून एवढंच म्हणाला, "कागदावर आहे, अँब्रोझिन."

मी जन्मले ती त्यानंतर वर्षभराने. आमच्या घरात अंगाईऐवजी हे वाक्य होतं. आई पावाचं पीठ तिंबताना ते म्हणायची. पार्जिटरची नाव समोरून आली की सगळे एकमेकांना रामराम करतात तसा ती करायची नाही, सुकाणू हातात धरून ताठ उभी राहायची आणि त्याच्या कपाळाकडे बघायची. मरताना तिने माझं मनगट पकडलं. म्हणाली, झिला येणार नाही आता, पण तिचं नाव घरी आण. मी वचन दिलं.

झिला मला एकदाच भेटली, नॅप्टनच्या लॉकवर. मी सोळा वर्षांची, ती बाईमाणूस झालेली. मी म्हटलं, मी अँब्रोझिनची धाकटी. तिने माझ्याकडे नीट बघितलं, दार उघडायचा दांडा माझ्या हातात दिला, म्हणाली "मागून येणाऱ्याला दे," आणि निघून गेली. पुढे काठावरच्या कुणा क्विल्टरशी लग्न करून ती कालवा सोडून गेली. तिच्यावरही माझा डूख होताच. पण पार्जिटरचा हिशोब आधीचा.

तर असा तिचा मुलगा माझ्या चुलीपुढे बसून माझ्या हातचा केक खात होता, माझ्या आईच्या फुलीवर बोट ठेवून.

त्याची एकच अडचण होती. झिला पार्जिटरचा बाप्तिस्मा कुठेच सापडत नव्हता. मी म्हटलं, बाळा, आमच्या लोकांच्या नावावर जाऊ नकोस, लिहिणारे पाद्री ऐकतील ते लिहायचे. जन्मतारीख धर. तारीख त्याच्याकडे होती: तीन फेब्रुवारी एकोणीसशे बारा, हिलमॉर्टनच्या लॉकपाशी, नावेत. मग मी त्याला एकेक करून चार चर्चं सांगितली. हॉक्सबरी, ब्राउन्स्टन, बॅनबरी, ऑक्सफर्ड.

चार का? बाप्तिस्मा झाला की चर्चमध्ये चहा आणि मनुकांचा पाव मिळायचा, म्हणून. आमच्या बायका प्रत्येक धक्क्यावर तेच पोर नव्याने देवाला वाहायच्या. माझे तीन झाले, झिलाचे चार. आई म्हणायची, देव विसराळू आहे, आठवण दिलेली बरी. पण पोटात पाव जायचा हे महत्त्वाचं.

मी त्याला चारही चर्चांची नावं एकदम दिली नाहीत. एक बघून ये, मग दुसरं सांगते. मधल्या भेटींत तो वही उघडून बसायचा आणि म्हाताऱ्या पार्जिटरच्या आठवणी मागायचा. मी दिल्या. काठावरून नाव ओढणारं पार्जिटरचं खेचर इतकं धार्मिक की रविवारी घंटा झाली की जागेवर थांबायचं, प्रवचन संपेपर्यंत हलायचं नाही आणि वर्गणीच्या थाळीत ओट टाकायचं. एका हिवाळ्यात कालवा गोठला तर तेच खेचर नालांवर घसरत नॅप्टनहून ऑक्सफर्डला गेलं, मागे नाव, वाटेत आगगाडीला मागे टाकलं. सुकाणूपाशी झोपलेल्या पार्जिटरची मिशी लोखंडाला चिकटली ती एप्रिलपर्यंत निघाली नाही, बायको त्याला तिथेच चमच्याने भरवायची. वकीलसाहेबांनी सगळं उतरवून घेतलं. मिशी कुठल्या रंगाची, हेही विचारलं.

पहिल्या चर्चहून तो आला तेव्हा म्हणाला, तारीख तीच आहे मावशी, पण मुलगी टॉलींची आहे. मी म्हटलं, असं का? दुसऱ्याहून आला तेव्हा वही उघडली नाही. तिसऱ्याहून आल्यावर केक खाल्ला नाही. ऑक्सफर्डहून आला त्या दुपारी त्याने दार वाजवलंच नाही, बागेत उभा राहिला. चारही ठिकाणी एकच होतं: झिला, नोआ आणि अँब्रोझिन टॉली यांची मुलगी, तीन फेब्रुवारीची, हिलमॉर्टनची.

मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं, वर मी तुम्हाला सांगितलं तसंच, खेचर वगळून. हेही सांगितलं की मी तुझ्या आईची सख्खी बहीण. मग त्याच्यापुढे केक सरकवला. खरं सांगते, त्या वेळी तो "मावशी" एवढं जरी नीट म्हणाला असता, तर मी सगळं सोडून दिलं असतं. निदान अर्धं तरी.

त्याने बॅग बंद केली. म्हणाला, योगायोग असू शकतो. मग म्हणाला, समजा नसला, तरी पाद्र्यांच्या वह्यांपेक्षा सरकारी नोंद मोठी. पुस्तिका छापायला गेलीय, पाहुण्यांना पत्रं गेलीत, सात पिढ्यांची आता सहा कशी करायची, आणि शिवाय...

"शिवाय काय?"

"शिवाय तुमच्या आईंनीच फुली मारली आहे, मावशी. कागदावर आहे."

रक्त टॉलींचं, पण जीभ पार्जिटरची. मी त्याला आणखी एक कप चहा दिला. म्हटलं, तुझंच खरं बाळा, म्हातारपणी कुठे वैर धरायचं.

दगड कोरणारा ईनॉक शार्मन माझ्या घरापासून चौथ्या दारात राहतो. त्याची आजीही नावेवरचीच. पद्धत अशी, की कोरायचा मजकूर ईनॉक स्वतःच्या हाताने कागदावर लिहितो, गिऱ्हाईक सही करतं, मग छिन्नी लागते. रोलंडला त्या कागदावर माझीही फुली हवी होती. कालव्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईची संमती म्हणून त्या फुलीचा फोटो चौकटीत लावायचा होता त्याला. मी म्हटलं, आज हात थरथरतोय, कागद ठेवून जा.

संध्याकाळी मी तो कागद घेऊन ईनॉककडे गेले आणि दुसरा लिहायला सांगितला. त्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं, बराच वेळ छिन्नीला धार लावली. म्हणाला, "सलीनामावशी, तो ज्यावर सही करेल तेच कोरीन. एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. आणि त्याने वाचलं, तर मी तुला ओळखत नाही."

"वाचू दे की," मी म्हटलं. "माझ्या आईला वाचता येत नव्हतं. त्याला येतं. त्याला तेवढी सवलत आहे."

ईनॉकने त्याच अक्षरात, तसल्याच कागदावर लिहून दिलं. खाली मी फुली मारली, चांगली मोठी, थरथरत्या हाताची. जन्मात मारलेली माझी पहिली फुली. दुसऱ्या दिवशी रोलंड आला. कागद टेबलावर उताणा पडलेला होता, खिडकीतून ऊन थेट त्यावर येत होतं. त्याने फुली बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. तीनदा फोटो काढला. मग खिशातलं पेन काढून फुलीखाली झोकदार सही केली. चष्मा कपाळावर होता, तो त्याने खालीसुद्धा ओढला नाही. तीस-पस्तीस वर्षं लोकांना "वाचल्याशिवाय सही करू नका" म्हणून बजावत आलेला माणूस. पण ज्याच्याखाली फुली आहे त्या कागदात वाचण्यासारखं काय असणार?

दगड उघडायचा होता जूनमध्ये, नावेवाल्यांच्या मेळाव्यात; साठेक नावा आल्या होत्या. जुनी घराणी, त्यांची नातवंडं, आणि रोलंडचे लंडनचे पाहुणे. त्याची पुस्तिका हातोहात फिरत होती. खेचराच्या पानावर नावेवरचे म्हातारे डोळे पुसत होते, आणि पाहुण्यांना वाटलं ते गहिवरलेत. रोलंडने छान भाषण केलं. मुळं, माती, पूर्वज असलं काहीतरी. माती कसली, आमचं सगळं पाण्यावर. मग त्याने दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

दगडावर सात नावं नव्हती. एकच होतं.

झिला टॉली
नोआ आणि अँब्रोझिन टॉली यांची मुलगी
हॉक्सबरी, ब्राउन्स्टन, बॅनबरी, ऑक्सफर्ड येथे बाप्तिस्मा
१९१९ साली बॅनबरीला पार्जिटरांना उसनी दिली
परत केली नाही

नावेवरच्या जुन्या माणसांतलं कुणीतरी मोठ्याने वाचायला लागलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. शेवटच्या ओळीवर एका म्हातारीने डोक्यावरची टोपी काढली. तिच्याही घरातलं कुणीतरी असंच गेलं असेल.

रोलंड पांढराफटक पडला. म्हणाला, मी हे मंजूर केलेलं नाही. ईनॉकने खिशातून घडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने आता चष्मा खाली ओढला आणि वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळला.

"हे खोटं आहे असं म्हणायचंय का तुला?" मी विचारलं. "चारही चर्चं तूच बघून आलास."

तो माझ्याजवळ सरकला. साठ नावांवरची माणसं ऐकत होती.

"ही फसवणूक आहे, मावशी," तो शेवटी इतक्या हळू म्हणाला की फक्त मला ऐकू गेलं.

ऐंशी वर्षं आमच्या चुलीपाशी बसून राहिलेलं वाक्य मी काठीवर दोन्ही हात ठेवून, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"कागदावर आहे, बाळा."

दगड अजून तिथेच आहे, पाचही ओळींसकट. रोलंडने आडनावातलं पार्जिटर काढलं की ठेवलं, मी चौकशी केली नाही. हिवाळ्यात त्याचं एक पत्र आलं, चांगल्या जाड कागदावर. बाकीचं राहू द्या, पण शेवटची ओळ तेवढी काढायला तुमची लेखी संमती द्या, आपण एकाच रक्ताचे आहोत, वगैरे. मी ते नीट वाचलं, दोनदा, खिडकीपाशी बसून.

मग उलट टपाली उत्तर पाठवलं. कागदाच्या मधोमध एक फुली.