पहिल्यापासून मास्तर

या, जवळ सरकून बसा. आज गोष्ट सांगतो एका बटणाची, आणि ते फिरवायला विसरलेल्या दोन शहाण्यांची.

विमान उतरत होतं. खाली ढग, ढगांत डोंगर. उंची दाखवणाऱ्या यंत्राला हवेचा दाब सांगावा लागतो. वर सगळ्या विमानांचा ठरलेला आकडा एकच, एक हजार तेरा. उतरताना मात्र बटण फिरवून त्या विमानतळाचा लावायचा. त्या दिवशी तो होता नऊशे नव्वद.

विमान तरुण को-पायलट पोरीच्या हातात. पिकल्या केसांचे कॅप्टन यादी वाचत होते. "दाब?"

"नऊशे नव्वद, लावला," दोघांची तोंडं बोलून मोकळी झाली, हात अजून बटणाकडे निघालेच होते. तेवढ्यात केबिनचा फोन वाजला. कॅप्टनांचा हात तिकडे वळला, पोरीचे कानही.

"सर, सातव्या रांगेतले आजोबा पांढरेफटक पडलेत! अजून किती वेळ?"

"बारा मिनिटं. ऑक्सिजन द्या." त्यांनी खाली रुग्णवाहिका मागितली, यादी उचलली. "कुठे होतो आपण? हां, पाचवी ओळ."

पोरीने यादीवर हात ठेवला. तिला शिकवणारे एक मास्तर होते. यादी वाचताना माशी जरी घोंगावली तरी ओरडायचे, "पहिल्यापासून!" गाणं तुटलं की ध्रुपदावर यावं, तसं. पोरं त्यांना त्याच नावाने चिडवायची.

"सर, पहिल्यापासून वाचू या."

"अगं, तिकडे माणूस जातोय आणि तुला पारायण सुचतंय?"

"अर्धं मिनिट, सर. पहिल्यापासून."

कॅप्टन फणकारत वाचू लागले. दिवे. पट्टे. "दाब?"

या वेळी पोरीने आकड्यावर बोट ठेवलं. एक हजार तेरा. कॅप्टनांनी आपल्या बाजूला पाहिलं. तिथेही तेच.

बटणं फिरली. उंचीचा आकडा साडेसहाशे फुटांनी धपकन खाली आला; म्हणजे विमान खरं तर तेवढं खाली उडत होतं.

"वर घे!"

"घेतेय, सर!"

इंजिनं गरजली. ढगाच्या फटीतून डोंगराची काळी कड सरकून गेली, नको तितकी जवळून.

ही हकीकत कॅप्टनांनीच मला दवाखान्यात सांगितली. विमानात राहिलेली माझी एक चप्पल द्यायला आले होते. सातव्या रांगेतला तो म्हातारा मीच.

"मास्तर कुठे असतात?" मी विचारलं.

"गेले, दोन वर्षांपूर्वी. मी त्यांच्या वर्गात असतो तर मीही चिडवलं असतं त्यांना."

म्हणून सांगतो बाबांनो, देवाचं नाव घ्याल तेव्हा क्षणभर त्या खडूस मास्तरांनाही आठवा.