मधला मजला

"आता लागला नाहीस ना, तर उचलून भंगारात घालतो की नाही बघ!"

मिस्त्री झाडाला दम देत होते, पण दबक्या आवाजात. आतल्या खोलीत बायको पडली होती आणि तिच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नव्हतं.

झाड नाताळचं, प्लास्टिकचं, खोक्यातून येतं ते. दिवे फांद्यांमध्ये कारखान्यातच गुंफून दिलेले. तीन तुकडे एकावर एक बसवायचे, पिन खुपसायची, की झालं, असं खोक्यावर छापलं होतं. छापणाऱ्याच्या बापाचं काय जातंय! लेक लहान असताना हौसेनं आणलं, तेव्हा वागलंही शहाण्यासारखं. मग हळूहळू रंग दाखवायला लागलं. एका वर्षी शेंडा गेला, एका वर्षी खालचा घेर. मिस्त्रींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या, म्हणून ते या तुकड्यांना मजले म्हणायचे. यंदा मधला मजला ठार काळा होता आणि संध्याकाळी लेक यायची होती.

लेक नुसती भेटायला येत नव्हती, तिथंच सगळं घोडं अडलं होतं.

बायकोची नजर काही वर्षांपासून चाळणीतून पीठ गळावं तशी गळत चालली होती. आधी अक्षरं गेली, मग चेहरे. डॉक्टरांनी हात टेकले. उरला होता तो नुसता उजेड. तरी मागल्या वर्षी याच झाडासमोर खुर्ची टाकून तिनं ठणकावून सांगितलं होतं, "वरचा मजला लागलाय, खालचाही लागलाय, मधे जरा मिणमिण वाटतंय." आणि खरोखरच मधे मिणमिण होती! मिस्त्रींनी त्या आनंदात शेजारच्यांना पेढ्यासारखी ती बातमी वाटली होती.

गेल्या आठवड्यात लेकीनं विषय काढलाच.

"बाबा, आईला खिडकीसुद्धा दिसत नाही. ऊन अंगाला लागतं त्यावरून ती सांगते. घर बंद करा आणि दोघंही माझ्याकडे या."

"मला उजेड दिसतो," बायको म्हणाली. "तोवर मी या घरातून हलणार नाही. इथला डबा न डबा माझ्या हाताला माहीत आहे. तुझ्या घरी मी नुसती बसवून ठेवलेली बाई होईन."

"बरं. मग झाड लावा. कुठला मजला पेटलाय ते आईनं सांगावं. सांगितलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

नाही सांगितलं तर काय, हे कुणीच विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

म्हणून मिस्त्री सकाळपासून त्या झाडाच्या राशीला लागले होते, की झाड त्यांच्या राशीला लागलं होतं, देव जाणे. रोग त्यांना पहिल्या फटक्यात कळला. लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या दाराला विजेचा एक संपर्क असतो, दार नीट बंद झालं तरच जुळणारा, सगळे एकाच साखळीत. एक दार किलकिलं राहिलं की लिफ्ट जागची हलत नाही. या माळेचंही तेच, एक दिवा गेला की सगळी ओळ गप्प. आळशी कारागीर अशा वेळी बिघडलेल्या दाराला तारेचा तुकडा जोडून बगल देतात. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात ते पाप केलं नव्हतं. आज केलं. मेलेल्या दिव्यांच्या जागी त्यांनी तारेचे तुकडे खुपसले.

मधला मजला लख्ख पेटला. मिस्त्रींनी टाळी वाजवायला हात उचलले, तोवर उरलेल्या दिव्यांवर सगळा भार पडला आणि ते एकामागून एक टपाटप मेले.

"अरे देवा," मिस्त्री मटकन खाली बसले. "काय करून बसलो मी हे?"

"अहो, काय झालं?" आतून आवाज आला.

"काही नाही! फांद्या सरळ करतोय."

"सकाळपासून? फांद्या करताय की जंगल उभारताय?"

एरवी ते हसले असते. आज त्यांनी एक जळका दिवा उपटून बाजूला टाकला. दुकानदारानं परवाच हात झटकले होते, "काका, हे दिवे येत नाहीत आता. नवीन झाड घ्या, एलईडीचं." मिस्त्रींनी एलईडीची माळ आणूनही पाहिली होती. बायको म्हणाली, "कुठंय?" त्यांनी माळ त्याच पावली परत केली. त्या गार, पांढऱ्या उजेडात दमच नाही, तिला कसा दिसणार, असं ते स्वतःला बजावत राहिले. आपले पिवळे, आतली तार तापून पेटणारे दिवे तेवढे लागले पाहिजेत. ते तिला दिसतील, दिसलेच पाहिजेत!

शेवटी त्यांनी खालच्या मजल्याची भिंतीकडची माळ बळी द्यायची ठरवली. तिकडे कोण बघतंय? झाडाखाली आडवे होऊन ते तिथला एकेक दिवा उपटायचे, त्याच्या केसाएवढ्या तारा नखानं सरळ करायचे आणि मधल्या मजल्यात बसवायचे. प्लास्टिकच्या पानांनी मनगटं ओरबाडली. चष्मा घामानं घसरत होता. जाड बोटांतली तार भोकात जायच्याऐवजी वाकायची, आणि वाकली की तुटायची. दोनदा त्यांना रडू फुटलं. दोन्ही वेळा त्यांनी बाहीत तोंड खुपसलं आणि पुन्हा कामाला लागले.

बाहेर अंधारून आलं तेव्हा त्यांनी पिन खुपसली.

लागलं! वरचा, मधला, खालचा, तिन्ही मजले! भिंतीवर पिवळा उजेड पसरला आणि मिस्त्री एकटेच वेड्यासारखे हसले.

"चल गं, ऊठ!" त्यांनी बायकोला हाताला धरून आणलं, झाडासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि श्वास रोखून बाजूला उभे राहिले.

तिचा चेहरा त्या उजेडात न्हाऊन निघाला होता. डोळे उघडे होते, थेट झाडाकडे. तिनं केस नीट केले, मांडीवर हात ठेवले आणि वाट पाहत राहिली.

"लावताय ना?" तिनं विचारलं.

मिस्त्रींनी वळून झाडाकडे पाहिलं, तिन्ही मजले पेटलेलेच होते.

"अहो, लावा ना. ती येईल आता."

"नाही गं लागत," ते म्हणाले. "मधल्या मजल्याच्या नादात सगळंच बसलं. माझीच चूक. नको तिथं तार जोडली."

"तुम्ही?"

"मीच."

"असू दे हो. एवढं काय त्यात?" ती उठली. "बघू, कुठं काय मोडलंय तुम्ही ते."

मिस्त्री पुढे झाले, पण तोवर तिचा हात फांदीत शिरला होता. बोटं एका दिव्यावर टेकली आणि थांबली. पेटलेला दिवा गरम होता. मग ती शेजारच्या दिव्याकडे गेली, त्याच्या वरच्या दिव्याकडे गेली. ती सावकाश वरपर्यंत चाचपत गेली आणि मग हात खाली घेऊन तशीच उभी राहिली. मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना.

दारावरची घंटी वाजली.

"पिन काढा," खुर्चीत परत बसत ती हळूच म्हणाली.

"अगं..."

"काढा आधी. मग दार उघडा."

त्यांनी पिन काढली, खोलीतला दिवा लावला आणि दार उघडलं. लेक आत आली आणि चप्पल काढता काढताच थबकली.

"हे काय? झाड नाही लागलं?"

"नाही गं," बायको खुर्चीतून म्हणाली. "दिवसभर झटले बिचारे. नाही जमलं तुझ्या बाबांना."

"बाबा? तुम्हाला? एवढ्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्यात आणि हे प्लास्टिकचं झाड..."

"नाही जमलं," मिस्त्री म्हणाले. "हात राहिले नाहीत आता पूर्वीसारखे."

"मग आईचं कसं कळणार?"

"पुढच्या वर्षी बघू," बायको म्हणाली. "करतील तोवर दुरुस्त. तू चहा घेशील ना?"

ती उठली, भिंतीला हात न लावता सरळ स्वयंपाकघरात गेली. आत मिट्ट काळोख होता. पातेलं उतरवल्याचा आवाज आला, मग साखरेच्या डब्याच्या झाकणाचा. लेक ओरबाडलेली मनगटं बघायला बाबांचे हात हातात घेत होती. मिस्त्रींनी ते सोडवून घेतले, घाईघाईनं बायकोच्या मागे गेले आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला.