चौथा खिळा

सन २०२३, फेब्रुवारीतला एक गुरुवार. वाशीजवळच्या बोनकोड्यात नामाशेठच्या गोठ्यापुढे हौसेराव नालबंद घोडीच्या पुढच्या डाव्या पायाला नाल ठोकत होते. पहिले तीन खिळे खणखणीत गेले. चौथ्याचा आवाज बदलला. घट्ट लाकडावर ठोकता ठोकता मध्येच ओल्या मातीत जावा तसा तो मऊ झाला. त्यांच्या बायकोला, वेणूबाईला, तो ऐकू आला. हौसेरावांना नाही.

घोडीने अंग चोरलं.

"माशी चावली बग तिला," हौसेराव म्हणाले आणि खिळ्याचं बाहेर आलेलं टोक वळवून त्यांनी ते कानशीने घासलं.

वेणूबाई घोडीचं तोंड धरून उभी होती. एका हातात दोर, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. तिच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. पण समोर नामाशेठ खुर्ची टाकून बसले होते, त्यांचा मुलगा दिपेश मोबाईलवर शूटिंग करत होता, गल्लीतली चार माणसं चहा पीत उभी होती. तिने तो शब्द गिळला आणि गूळ घोडीच्या तोंडात दिला.

"काय हात हाय बग हौसेरावाचा," नामाशेठ चौघांना म्हणाले. "चालीस वर्सांत याचा खिला कवा जिवाला लागला नाय."

हे खरंच होतं. हौसेराव मूळचे कोरेगावकडचे. घराण्यात पाच पिढ्या नालबंदी. बैलगाड्या कमी झाल्या तसे ते इकडे आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. पण दर रविवारी हातोडी, कानस आणि खिळ्यांची पिशवी घेऊन ते निघायचे. पावण्यापासून तुर्भ्यापर्यंत जेवढे बैल होते, लग्नाचे घोडे होते, ते सगळे त्यांच्या हाताखालून गेले. जनावराचं तोंड धरायला कायम वेणूबाई. नाल कशी मारायची ते तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण खिळा मेलेल्या खुरातून चाललाय की जिवंत मांसाकडे, हे ती आवाजावरून ओळखायची. नालबंद हाताने ठोकतो आणि कानाने बघतो, असं तिचे सासरे म्हणत.

आणि हौसेरावांचे कान दोन वर्षांपासून जात चालले होते.

हे फक्त वेणूबाईला माहीत होतं. तिने ते कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यांना हाक मारायची तर ती लांबून ओरडायची नाही, जवळ जाऊन बाहीला हात लावायची. कोणी काही विचारलं की तीच मधे पडून "आवं, ते इचारत्यात चा घ्येणार का" असं त्यांच्या तोंडासमोर येऊन सांगायची. लोक म्हणायचे, म्हातारीचा नवऱ्यावर फार जीव. खुद्द हौसेरावांनाही आपल्याला कमी ऐकू येतं याची पुरती कल्पना नव्हती. त्यांना वाटायचं, आजकाल लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

घोडीचं नाव मैना. ती पूर्वी मोठ्या रेसकोर्सवर पळायची. तिथे तिचं नाव इंग्रजी होतं आणि ते कोणाच्या लक्षात राहत नव्हतं. सहा वर्षांची झाली, मागे पडायला लागली, तसं तिला विकलं. दोन हात फिरून ती दिपेशकडे आली. आता नववं चालू होतं. माणूस रिटायर झाला तर त्याला पेन्शन मिळते, घोडीला दुसरी शर्यत मिळते. रविवारी खाडीपलीकडच्या मैदानावर घोडागाड्यांची शर्यत होती. दिपेशने चौकात बॅनर लावला होता. त्यावर मैना होती, दिपेश होता, आणि खाली अठरा शुभेच्छुकांची तोंडं.

शुक्रवारी वेणूबाई कोथिंबीर आणायचं निमित्त करून गोठ्यावरून गेली. मैना डावा पाय पुढे टाकून उभी होती. वेणूबाईने वाकून खुरावर हात ठेवला. तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तशी ऊब लागली. ती घरी आली आणि काही बोलली नाही.

"जरा घोडीकडं जाऊन येतो," दुपारी हौसेराव म्हणाले.

"नगा," ती त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली. "ऊन हाय. निजा."

ते निजले. ती भिंतीला टेकून बसून राहिली. आपोआप बरं होईल, असं तिने मनाला सांगितलं. कधी कधी होतंही. पण खिळा आत असताना कसं होणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

शनिवारी मैना लंगडायला लागली. दिपेशने कुंदनला बोलावलं. कुंदन डॉक्टर नव्हता, पण शर्यतीच्या लोकांत त्याला मान होता, कारण त्याच्या पिशवीत सगळ्या तऱ्हेच्या सुया असत. वेणूबाई नळावर हंडा भरत होती. तिथून गोठा दहा पावलांवर.

"खांदा भरलाय," कुंदन म्हणाला. "टेन्शन नको घेऊ. उद्या निघायच्या आधी सुई मारतो. दोन तास पाय हाय का नाय ते पन तिला कलनार नाय. तपासनारा डॉक्टर बघंल तर घोडी सरल चालतेय."

"आनि नंतर?" दिपेशने विचारलं.

"नंतरचं नंतर. ढाल घरात आल्यावर इलाज कर की महिनाभर."

"पन काय झालं म्हंजे?"

"आरे, घोडा धावासाठीच हाय. तू काय तिला सोफ्यावर बसवनार?"

हंडा भरून वाहायला लागला तरी वेणूबाईने नळ बंद केला नाही.

तिने तिच्या सासऱ्यांच्या वेळी एक बैल पाहिला होता. दुखऱ्या पायावर त्याला पळवलं होतं. दुखणं जनावराला सांगतं, थांब. ते सांगणंच बंद केलं की जनावर मोडेपर्यंत पळतं. त्या बैलाचा पाय भर मैदानात काडीसारखा मोडला होता, आणि तो तीन पायांवर पुढे पळतच राहिला होता.

रविवारी सकाळी सातला गल्लीत ढोलताशा सुरू झाला. टेम्पो येऊन उभा राहिला. हौसेराव चहा संपवून दाराशी बसले होते.

वेणूबाईने कोपऱ्यातली त्यांची हातोडी उचलली. ती त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांचा उजवा तळवा धरून तिने तो उंबऱ्यावर ठेवला. शेजारी उंबऱ्यावर हातोडी मारली. एक. दोन. तीन. लाकडातून झटका त्यांच्या हातात गेला.

"काय करतीयास गं?"

तिने त्यांचा तळवा उचलून घडी केलेल्या गोधडीवर ठेवला आणि चौथा घाव गोधडीवर घातला. तो गुपचूप मुरला.

"काय वो मावशी, सकाळी सकाळी काय ठोकताव?" शेजारच्या दारातून मनस्वी ओरडली.

"काय न्हाई बाई," वेणूबाई म्हणाली. तिने नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. मैनाच्या दिशेला हात केला, आपला डावा हात पुढे धरला आणि चार बोटं दाखवली.

हौसेराव हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले. ढोल वाजत होता. तो तरी त्यांना ऐकू येत होता की नाही कोण जाणे.

"म्हंजे खिळा जिवाला लागला," ते म्हणाले. "आन् मला ऐकू न्हाई आलं."

तिने मान हलवली.

"तुला आलं."

तिने पुन्हा मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"किती दिस ऐकू येत न्हाई मला?"

तिने दोन बोटं वर केली. मग त्यांच्या तोंडासमोर येऊन, ओठ सावकाश हलवत म्हणाली, "दोन वर्सं."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"चारचौघांत कसं बोलू? इतक्या वर्सांचं नाव तुमचं."

हौसेराव रागावले नाहीत. तिला वाटलं होतं, रागावतील; रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी घातली, तिच्या हातातून हातोडी घेतली, पिशवीतून पक्कड काढली.

"आपली लाज राखायला मुकं जनावर कशाला येठीस धरायचं?" एवढंच म्हणाले आणि निघाले. वेणूबाई मागून चपला न घालताच धावली.

मैनाच्या गळ्यात झेंडूची माळ होती, कपाळाला कुंकू. कुंदन सुई भरत होता. हौसेराव गर्दीतून आत शिरले.

"या मामा, बरोबर टायमाला आलाव," दिपेश म्हणाला. "नारल तुमीच फोडा."

हौसेरावांनी ते ऐकलं नाही किंवा त्यांना ऐकू आलं नाही. ते घोडीच्या पायाशी बसले, डावा पाय उचलून मांडीवर घेतला. चौथ्या खिळ्यावर पक्कड नुसती टेकवली तशी मैना थरथरली. वेणूबाईने पुढे होऊन तिचं तोंड धरलं. हौसेरावांनी टोक सरळ केलं आणि एका झटक्यात खिळा ओढून काढला. तो ओला होता. मागून काळपट रक्त आलं.

तो खिळा तळहातावर घेऊन ते उभे राहिले. ढोलवाल्यांनी आपणहून काठ्या थांबवल्या.

"हा माजा खिळा हाय," ते म्हणाले. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसे जरा जास्तच मोठ्याने बोलले. "घोडीच्या खांद्याला काय बी झालेलं न्हाई. माज्या हातनं झालं. मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली."

"घ्या! बहिऱ्याच्या हातात हातोडी," कुंदन हसत म्हणाला. दोघंचौघं हसलेही.

"हसताय काय?" वेणूबाई म्हणाली. असा आवाज तिचा गल्लीत कोणी ऐकला नव्हता. "त्येंला ऐकू नव्हतं आलं. मला आलं व्हतं. मी गप बसले. बोलायचं तर मला बोला."

मग कोणी हसलं नाही.

दिपेश खिळ्याकडे बघत होता. "पन मामा, आता काढला ना," तो हळूच म्हणाला. "सुई मारली तर आज धावंल ना? सगली तयारी झालीय वो."

वेणूबाईने हौसेरावांच्या तोंडासमोर येऊन ते सांगितलं.

"धावंल की," हौसेराव म्हणाले. "ती धावंलच. तिला थांबायचं कुणी शिकवलंय कधी? पण पोरा, धावणं तिचं हाय, शर्यत तुमची. खुरात भोक घिऊन धावली तर मोडंल. मोडल्यावर तिला कुणी ठेवत न्हाई. ते तुला बी ठावं हाय."

दिपेशने नामाशेठकडे बघितलं. नामाशेठ बॅनरकडे बघत होते.

"घोडी तुजी," ते शेवटी म्हणाले. "मना नको विचारू."

दिपेश मैनाजवळ गेला. खाली बसला आणि खुरावर हात ठेवला, पहिल्यांदाच. आणलं त्या दिवसापासून त्याने तिच्या अंगावर थापा मारल्या होत्या, पाठीवर बसून फोटो काढले होते. खुराला हात लावला नव्हता. मैनाने वरून मान खाली घातली आणि त्याच्या नव्या शर्टाची कॉलर चघळायला लागली.

"टेम्पो परत पाठव रे," तो म्हणाला. उठताना त्याने हौसेरावांकडे बघितलं नाही. रडायला येत असलं की पुरुष जसे कोणाकडे बघत नाहीत, तसा तो माळ काढत उभा राहिला.

संध्याकाळी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर पू वर चढला असता, म्हणाले. मैना सव्वा महिन्यात बरी झाली.

त्यानंतरचं सांगायचं तर असं आहे.

दिपेशने शर्यती सोडल्या नाहीत. आता तो बैल पळवतो. सगळं नियमाने करतो, निदान तसं म्हणतो. कुंदनला मात्र त्याने पुन्हा गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. कुंदनचं काही अडलं नाही, त्याला दुसरे गोठे आहेत. नामाशेठ गुडघ्यांमुळे घरीच असतात.

मैना पुढे पळाली नाही. कल्याणचा एक व्यापारी दोनदा विचारून गेला, दिपेशने तिला विकलं नाही. पावण्याच्या वाटेवर त्यांचा एक मोकळा प्लॉट होता, तिथे ती दीड वर्ष बिननालाची चरत होती. २०२४च्या गणपतीनंतर पोटशूळ होऊन गेली. त्या प्लॉटवर आता बिल्डिंगचं काम चालू आहे.

हौसेरावांनी त्या रविवारनंतर हातोडी धरली नाही. लोक आले, "तुमी नुसतं बसा, सांगा" म्हणाले. त्यांनी हात जोडले. पण रोज संध्याकाळी ते त्या प्लॉटवर जायचे. मैना कुंपणाशी यायची आणि दोघं बराच वेळ उभे राहायचे, दोघांनाही बोलायची गरज नव्हती. मुलाने, रणजीतने, आणून दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "लई गलका हाय रं दुनियेत," म्हणाले. २०२५च्या चैत्रात ते गेले.

पण ती शेवटची दोन वर्षं फार छान गेली, असं वेणूबाई सांगते. लपवायचं काही उरलं नव्हतं. ती चाळीच्या या टोकापासून त्या टोकाला त्यांना खुशाल ओरडून हाक मारायची. भाजी काय करू, हे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मनस्वी म्हणायची, मावशी, तुमच्या घरी आज काय शिजणार ते आम्हाला तुमच्याआधी कळतं.

आता वेणूबाई कोपरखैरण्याला रणजीतकडे असते. परवा सकाळी देवापुढे दिवा लावताना ती पूर्वीसारखीच ओरडून बोलली, "आवं, चा ठेवू का?" आतल्या खोलीत अभ्यास करत बसलेली नात ज्ञानेश्वरी दचकून बाहेर आली.

"आजी, हळू बोल ना. इथे सगळ्यांना ऐकू येतं."

"व्हय गं," वेणूबाई म्हणाली. "इथं सगळ्यास्नी ऐकू येतं."

आणि पुढचं ती इतक्या हळू बोलली, की ज्ञानेश्वरीलाही ऐकू आलं नाही.