जयघोषाला सुटलेला हात

शिसं वितळताना बराच वेळ काहीच होत नाही. लोखंडी भांड्यात राखाडी ढेकळं हट्टी पाहुण्यासारखी बसून राहतात. मग मधलंच एखादं हळूच खाली बसतं आणि बघता बघता सगळी वितळतात. त्यात मेणाचा तुकडा टाकला की भपकन ज्योत उठते, मळ वर येतो. खैरुद्दीन तो पळीने काढून टाकतो आणि खाली लखलखीत आरसा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क हात जोडले.

"क्या पंडित, शीशे को बी नमस्ते?" खैरुद्दीन हसला. तो हैदराबादचा, साठीचा, क्लबच्या हत्यारांचा उस्ताद. "कल को हथौड़ी को बी करते क्या?"

"दशहरे को करते हैं," मी म्हटलं.

मी, गुणवंत, मूळचा क्वालिटी कंट्रोलचा माणूस. दुबईत एका टॉवरसाठी काँक्रीटचे ठोकळे तपासायचो. दोन हजार आठच्या दिवाळीनंतर टॉवर बाविसाव्या मजल्यावर थांबला. क्रेनसुद्धा होती तशीच, एक हात लांब करून. नोकरी गेली की मागोमाग व्हिसा जातो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सामान बांधायला काढलं, तोच शारजाबाहेरच्या वाळवंटातल्या एका नेमबाजी क्लबने बोलावलं. मंदीमुळे त्यांनी बाहेरची महाग काडतुसं घेणं बंद केलं होतं आणि छोट्या बत्तीस बोअरच्या पिस्तुलांसाठी ती आपल्याकडेच भरायची ठरवली होती. मोजूनमापून काम करणारा माणूस हवा होता. पोलिसांची परवानगी, बोटांचे ठसे वगैरे होऊन एप्रिलमध्ये मी त्या खोलीत बसलो.

तिथलं काम बघून मी थक्कच झालो. लक्ष्यामागच्या वाळूच्या ढिगात घुसलेल्या गोळ्या आम्ही चाळणीने वेगळ्या काढायचो. चेपलेल्या, फुटलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. त्या वितळवायच्या, साच्यात ओतायच्या, लाकडाने टकटक केलं की नव्या कोऱ्या, चकचकीत गोळ्या टपटप बाहेर. तेच शिसं, पुन्हा जन्म, पुन्हा तेच लक्ष्य. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मी कीर्तनात शंभरदा ऐकल्या होत्या, पण फिरताना पाहिल्या त्या इथे.

गोळ्या गार झाल्या की यंत्र. रिकामी पितळी पुंगळी बसवायची, दांडा पूर्ण खाली, मग पूर्ण वर. त्या एका फेरीत चिमूटभरही नाही इतकी दारू पुंगळीत पडते आणि तिच्या आधीच्या पुंगळीवर गोळी बसते. खैरुद्दीनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दांडा बीच में छोड़ना नक्को. छोड़े तो किसी में दारू पड़तीच नहीं. वो गोली नली में अटक जाती. पीछे से दूसरी आई, तो पिस्तौल हाथ में फटती. समझे?"

समजलो होतो. आणि चुकू नये म्हणूनच मी गुणगुणायचो. एका ओळीला एक फेरी. हात कसा तालात चालायचा! खैरुद्दीनही कुरकुर करत नसे, उलट मान डोलवायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात नर्मदाताई व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आल्या. नाशिकच्या कीर्तनकार, गोड खणखणीत गळा. शारजातल्या अल मजाजला, माझा मित्र प्रल्हाद याच्या सातव्या मजल्यावरच्या घरी शुक्रवारी सकाळी कीर्तन ठरलं. सोफे बाहेर कॉरिडॉरमध्ये, आत चाळीस माणसं. पहिल्या शुक्रवारी त्यांनी एक चाल अशी काही लावली की आठवडाभर माझ्या जिभेवरून हलेना. बुधवार-गुरुवार मी त्याच चालीवर सहाशे काडतुसं भरली. ती शुक्रवारच्या स्पर्धेसाठी होती. प्रल्हादची मुलगी शुभ्रा त्यातच खेळणार होती. म्हणून तर दुसऱ्या शुक्रवारी कीर्तनाला तिची जागा रिकामी होती.

त्या दिवशी पूर्वरंग संपत आला. माझ्या हातात चहा. ताईंनी चिपळ्या उंचावल्या, चाल चढत चढत गेली आणि "विठ्ठल!" असा जयघोष झाला. चाळीस माणसांचे हात एकदम वर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. माझेही गेले. कप प्रल्हादच्या इराणी गालिच्यावर.

"अहो!" कुंदा, माझी बायको, कानाशी फुसफुसली. "कप तरी खाली ठेवायचा!"

"हात कधी सुटला कळलंच नाही गं," मी म्हटलं.

आणि म्हटल्याबरोबर यंत्राचा दांडा आठवला. हीच चाल, हाच जयघोष. यंत्रावर बसलो असताना माझा हात त्या जागी काय करत होता? बुधवारी सुटला होता का? गुरुवारी? आठवून आठवून पाहिलं. कप सुटलेलाही कुठे कळला होता!

कुंदाला जिन्यात नेऊन सांगितलं. "गप्प राहिलो तर कदाचित काही होणारही नाही. बोललो तर नोकरी गेलीच. मग व्हिसा..."

"व्हिसा परत मिळतो हो," ती म्हणाली. "पोरीची बोटं परत मिळतात का? निघा. गालिच्याचं मी बघते."

टॅक्सीतून खैरुद्दीनला फोन लावला, बंद. जुम्म्याची नमाज. स्पर्धा तीनला होती, पण सरावाच्या गोळ्या त्याआधीच सुटतात. ड्रायव्हरला म्हटलं, "भाई, यल्ला, जल्दी!" तो म्हणाला, "इन्शाल्ला," आणि वेग होता तेवढाच ठेवला.

पोचलो तेव्हा शुभ्रा टेबलापाशी उभी. समोर पिस्तूल, शेजारी पन्नासची पेटी, झाकण उघडं.

"शुभ्रा, ठेव ते खाली!"

"काका, यू कान्ट क्रॉस द यलो लाइन!"

"ठेव बाळा. एकही गोळी भरू नकोस."

तेवढ्यात खैरुद्दीन नमाजहून आला. मी एका दमात सगळं सांगितलं, गाण्यासकट, चहासकट. त्याने पेटीतलं एक काडतूस तळहातावर घेतलं. मग म्हणाला, "तौल के देखें?"

"उपयोग नाही," मी म्हटलं. इथे माझ्यातला जुना तपासनीस बोलला. "हाताने ओतलेली गोळी, एकीपेक्षा दुसरी रतीभर जड-हलकी असणारच. दारू त्या फरकापेक्षाही कमी. काट्याला कळायचं नाही. सगळी खोलावी लागतील."

मॅनेजर जहूरसाहेब धावत आले. "किसका फॉल्ट है?"

"मेरा," मी म्हटलं.

स्पर्धा पुढच्या शुक्रवारवर गेली. आम्ही तिघं खोलीत बसलो. एक पोकळ हातोडी असते, तिच्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते, दारू सांडते. मी आपटायचो, खैरुद्दीन दारू गोळा करायचा, शुभ्रा मोजायची. एक पेटी, दोन पेट्या, सगळ्यांत दारू. तीनशेच्या पुढे गेल्यावर जहूरसाहेब दारात येऊन म्हणाले, "खलास करो, वहम है तुम्हारा." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग शुभ्राने टेबलावरची स्वतःची पेटी पुढे सरकवली. तिसऱ्या ओळीतलं दुसरं काडतूस. आपटलं. गोळी पडली. पुंगळी पालथी केली. काही नाही. पुन्हा पालथी केली. काही नाही.

शुभ्राने पुंगळी उजेडात धरली, आत डोकावली आणि एकदम मराठीत म्हणाली, "काका, ही माझी होती."

"सुब्हानअल्ला," खैरुद्दीन पुटपुटला. माझ्या तोंडून विठ्ठलाचं नाव आलं, पण हात उचलवले नाहीत. ज्याने यंत्रावर माझा हात सोडवला, त्यानेच कपावरचाही सोडवला. त्या बोटभर पितळेसमोर मी, एवढा कीर्तनं ऐकलेला माणूस, अगदी पहिलीतल्या पोरासारखा उभा होतो.

सहाशेत अशी दोन निघाली.

नोकरी गेली नाही. महिनाभर यंत्राला हात लावायचा नाही, फक्त वाळू चाळायची आणि शिसं ओतायचं, एवढं जहूरसाहेबांनी लिहून दिलं. मी आनंदाने चाळली. प्रल्हादच्या गालिच्यावर चहाचा डाग अजून आहे. कुंदा धुवायला गेली होती, तर प्रल्हादने हातच लावू दिला नाही.

महिन्याने यंत्रावर परत बसलो तो तोंड मिटून. दांडा खाली, दांडा वर. पन्नास पुंगळ्या भरल्या. वर गोळी बसण्याआधी खैरुद्दीनने विजेरी घेऊन एकेकीत वाकून पाहिलं, मग पन्नासावी झाल्यावर दांड्यावरचा माझा हात स्वतःच उचलून बाजूला केला आणि माझी खुर्ची यंत्रापासून मागे ओढली.

"हौ पंडित," तो म्हणाला, "अब गाओ. और उठाओ हाथ, जितने उठाने हैं."