हा हात लिहिण्याचा की मताचा?

आमच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर मी आहे. होतो म्हणा. या मोसमात अकरा सामने झाले, त्यांतले दहा आम्ही हरलो. एक बरोबरीत सुटला. त्या दिवशी मी तापाने अंथरुणात होतो.

पोटापाण्यासाठी माझं चष्म्याचं दुकान आहे. अख्ख्या पेठेला मी नीट दिसायला लावलं, पण आपला बचाव कुठे उघडा पडतो ते मला दहा सामन्यांत दिसलं नाही. एकदा तर मी ज्या खेळाडूला मैदानात पाठवायला निघालो होतो, तो आधीपासूनच आत खेळत होता. पंचाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. तरीही ते पद मला जिवापाड हवं होतं. दुकानात मला सगळे 'ओ चष्मेवाले' म्हणतात. घरी मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढतो. मैदानावर मात्र मी तोंड उघडलं की अठरा धडधाकट माणसं गप्प होऊन ऐकायची.

शनिवारी दुपारी समितीची सभा होती. विषय एकच, मॅनेजरला ठेवायचं की काढायचं. सभेचं पत्र मीच काढलं, कारण क्लबचा सेक्रेटरीही मीच. अक्षर चांगलं असल्याची ही शिक्षा. आमच्या समितीत सगळे एकदम बोलतात, म्हणून एक पद्धत पडून गेली आहे. माझं लिहून होईपर्यंत मी डावा हात वर धरतो, आणि तो खाली येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

कपडे बदलायच्या खोलीत, ओल्या मोज्यांच्या वासात, आम्ही सातजण बाकांवर बसलो. मतांचं गणित मी आठवडाभर घोकत होतो. खजिनदार, गोलकीपर आणि मैदानाचा माळी मला काढणार. अध्यक्ष, संघाचे डॉक्टर (एरवी गुरांचे) आणि माझा मेहुणा मला ठेवणार. सातवं मत माझं. ते मी स्वतःला देऊ नये असं नियमात कुठेच नव्हतं. नियमही मीच लिहून काढले होते.

"माणूस सोन्यासारखा आहे," खजिनदाराने सुरुवात केली, "पण फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही." मी लिहिलं, 'मॅनेजरांच्या तांत्रिक ज्ञानाबद्दल मतभेद व्यक्त झाले.'

"मी गवत वाढवतो, हे गोल खातात," माळी म्हणाला. हे मी गाळलं.

मग गोलकीपर उठला. "साहेब, मागच्या रविवारी तुम्ही ओरडून सांगितलंत, पुढे ये. मी पुढे आलो. बॉल माझ्या डोक्यावरून मागे गेला." हे अक्षरशः खरं होतं, म्हणून जसंच्या तसं उतरवायला घेतलं. लांबलचक होतं, म्हणून डावा हात वर केला.

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना घाई झाली होती. "काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," ते म्हणाले. मी अजून 'डोक्यावरून'पाशीच होतो. मान वहीत, हात हवेत.

"एक, दोन, तीन... चार."

मी दचकून वर पाहिलं. हात खाली घेणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मेहुण्याने सुस्कारा सोडला. दुखरी दाढ एकदाची निघाल्यावर माणूस सोडतो तसा. डॉक्टरांनी पाय पसरले. अध्यक्षांच्या कपाळावरची आठी गेली. माझ्या बाजूचे तिघे, आणि आनंद सगळ्यांत जास्त त्यांनाच!

मग अध्यक्षांच्या काहीतरी लक्षात आलं. "थांब रे, हा हात लिहिण्याचा की मताचा?"

लिहिण्याचा म्हटलं असतं तर एका मताने माझं पद वाचलं असतं. मेहुणा श्वास रोखून माझ्याकडे बघत होता.

"मताचा," मी म्हणालो, आणि तेही लिहून घेतलं. चार विरुद्ध तीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कारकिर्दीतल्या त्या पहिल्याच.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, सुस्काऱ्यासकट.

"अहो, मग हात खाली का नाही घेतलात?"

"तुझ्या भावाचा चेहरा बघून धीरच झाला नाही."

तिने हातातला टॉवेल तसाच मांडीवर ठेवला. "त्याला काही बोलू नका हं. तुमच्या बाजूने मत दे म्हणून मीच त्याच्या हातापाया पडले होते. डॉक्टरांच्या बायकोलाही फोन केला. अध्यक्षांकडे तर स्वतः जाऊन आले."

दहा सामने हरलो तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो. "तुला तरी मी मॅनेजर म्हणून बरा वाटत होतो ना?"

"मला कुठे फुटबॉलमधलं काही कळतं?" ती म्हणाली. "रविवारी सकाळी तुम्ही शीळ घालत बाहेर पडायचात, तेवढं कळत होतं."