देवघरातलं मीटर

आमच्या घरात लाइट आली तेव्हा मीटर कुठं बसवायचं यावरून माझी आई आणि वायरमन यांच्यात वाद झाला आणि वायरमन हरला. ओसरीवर पोरं दगड मारतील, स्वयंपाकघरात धूर लागेल, माजघर तर बायकांचं. शेवटी मीटर देवघरात बसलं, देवांच्या टाकांच्या बरोबर वर. दसऱ्याला आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आपट्याचं पान खोचलं. मी हसलो. तेव्हाच डोळे उघडायला हवे होते.

त्यानंतर दर महिन्याला बिल यायचं ते आठ रुपयांचं. उन्हाळा असो, पावसाळा असो, आठ म्हणजे आठ. मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी, कागद वाचता येणारा माणूस. सरकारनं ठोक दर ठरवला असणार असं मी स्वतःच ठरवलं आणि पारावर चार जणांना समजावूनही सांगितलं. बाराव्या महिन्याचं बिल आलं ते त्र्याहत्तर रुपये साठ पैशांचं!

साल शहाऐंशीचं. पाऊस नाही, चारा नाही, म्हशी आटलेल्या. पाणी टँकरचं, तेही दोन दिवसांआड. लाइट निम्मा दिवस नसायचीच. घरात दिवे तीन आणि एक रेडिओ. एवढी वीज खाल्ली कुणी? मी बिल उलटंपालटं करून पाहिलं. मागे छापलेलं सगळं वाचलं. काही म्हणता काही कळेना, आणि कळलं नाही की माझं डोकं फिरतं.

आकडे लिहून नेण्याचं काम गुलाबकडं होतं. गुलाब आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला, बनाबाईचा मुलगा. मॅट्रिक झालेला, लाइटीच्या ऑफिसात रोजंदारीवर. पाच गावं सायकलनं फिरायचा. त्याच्या त्या मजुरीवर घरातली पाच तोंडं जगत होती, हे मला माहीत होतं. तरी मी अर्ज लिहायला बसलो. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

‘सदर इसम आमच्या घरी येत नाही. घरी बसून मनाचे आकडे टाकतो. आमचे दार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सताड उघडे असते व दारात माझी वृद्ध आई बसून असते.’ शेवटचं वाक्य मला फारच आवडलं. खाली दोन रेघा ओढल्या.

तुळजापूरला ऑफिसात शांतलिंग नावाचा कारकून होता. त्यानं अर्ज वाचला, वही काढली आणि माझ्यासमोर उघडली. आमच्या नावापुढं ओळीनं अकरा महिने एकच शेरा होता, ‘दार बंद’.

“दार बंद आसलं की आमी अंदाजानं आठ रुपये लावतो,” तो म्हणाला. “ह्या महिन्यात खरा आकडा मिळाला. मग मागचं ऱ्हायलेलं समदं एकदम आलं. बिल बरोबर हाय.”

“पण दार बंद नव्हतंच!”

“तेच तर. तुमीच लिवलंय, खाली रेघा बी मारल्यात. म्हंजी पोरानं अकरा वेळा खोटं लिवलं. साहेब आले की अर्ज पुढं ठिवतो. रोजंदारीचा माणूस, उद्याच्याला घरी बसवत्यात.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? एसटीत बसून मी तेच मनात घोळवत आलो.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. कमल भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

“त्यो दर महिन्याला येतो,” ती म्हणाली. “आत्याबाई त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाईत. मीटर देवाच्या खोलीत हाय न्हवं.”

“मग या महिन्यात आकडा कसा मिळाला?”

“आत्याबाई परांड्याला बहिणीकडं गेल्या व्हत्या. म्या घेतला आत.”

तरी एक गोष्ट उरतच होती. एवढी वीज जळली कशी? त्याचा खुलासा आईनंच केला, तोही अभिमानानं. “गोड्या तेलाचा भाव ठाव हाय का तुला? नंदादीप बंद केला म्या. लाइटीचा दिवाच लावून ठिवलाय देवापुढं, रात अन् दिस. वरीस झालं, एकदा बी बटण बंद केलं न्हाय. तेल वाचवलं म्या तुझं!”

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या घरात मी कर्ता म्हणून मिरवत होतो, तिथं वर्षभर दिवसाढवळ्या दिवा जळत होता आणि दारातून माणूस परत जात होता. मला दोन्हींचा पत्ता नव्हता. सोसायटीत मी सगळ्या वस्त्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततो आणि सहकारात जात नसते म्हणून भाषण करतो. टाळ्याही घेतो. घरी ही तऱ्हा!

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबला गाठलं. तो वस्तीपुढं सायकलच्या चाकात हवा भरत होता.

“दार बंद कशाला लिहिलंस? आत घेत नाहीत असं लिहायचं.”

“वहीत तसा रकाना न्हाय, सेक्रेटरी,” तो म्हणाला. “अन् लिवलं आसतं तर सांजच्याला तुमीच जाब इचारायला आला आसता.”

आलोच असतो. तो पंप मारीतच राहिला. “तुमचंच घर न्हाय. गावात अशी नऊ हायेत.”

मी तसंच तुळजापूर गाठलं. साहेब अजून आले नव्हते, नशीब. शांतलिंगनं अर्ज परत दिला आणि मागे घेण्याचं कारण लिहून मागितलं. मी ‘गैरसमज झाला’ एवढंच लिहिलं. खरं लिहायची हिंमत झाली नाही. त्र्याहत्तर रुपये साठ पैसे मुकाट्यानं भरले. गुलाबचं काम वाचलं. मी त्याला सांगून ठेवलं, “पुढच्या महिन्यात सरळ आत यायचं. आईचं मी बघतो.”

आईला आठ दिवस समजावलं.

पुढच्या महिन्यात गुलाब आला तेव्हा मी मुद्दाम घरी थांबलो होतो. आई ओसरीवर पाठ फिरवून बसली. गुलाबनं चपला काढल्या, देवघरात गेला, कशालाही हात न लावता आकडा लिहिला. “शेवटचा लाल आकडा सोडायचा आसतो,” त्यानं मला दाखवलं. महिनाभर बिलावर चरफडत होतो, पण मीटरकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. तो गेला. मी खूश होतो.

तो पारापर्यंत पोचला नसेल, आई उठली. जी बाई त्या दुष्काळात एका तांब्यात तोंडही धुवायची आणि पायही, तिनं टँकरच्या पाण्यानं तांब्या काठोकाठ भरला, देवघरात गेली आणि मीटरवर वरून खाली ओतला.

फाट्‌कन आवाज झाला. ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, देवापुढचा दिवा गेला. आई मागच्या मागे सरकली, तांब्या हातातच. जीव वाचला हेच खूप. मला मात्र तिला सावरावं की ओरडावं तेच कळेना. मी ओरडलो.

तिसऱ्या दिवशी गुलाब पुन्हा आला, हातात छापील फॉर्म घेऊन. या खेपेला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“मीटर जळाल्याचं कारण लिवून द्यायचंय. शेवटचा आकडा माझा हाय. साहेब म्हणत्यात, तूच कायतरी छेडलं आसशील. उद्या कारण न्हाय गेलं तर कामावर येऊ नको म्हणाले.” मग शांतपणे त्यानं विचारलं, “काय लिवू, सेक्रेटरी? दार बंद?”

मला ते झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. मी फॉर्म त्याच्या हातून घेतला आणि ओसरीवर बसून लिहिलं: ‘गुलाब आकडा घेण्यास आत आला म्हणून माझ्या आईने मीटर शुद्ध करण्यास तांब्याभर पाणी ओतले. गुलाबचा दोष नाही.’ मोठ्यानं वाचून दाखवलं.

“सरकारी कागदावर माझं नाव?” आई खांबाआडून कडाडली. “आईचं नाव घालतुस?”

“आईचं घातलंय आणि खाली सही माझी आहे.”

गुलाबनं कागद दोनदा वाचला. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि ते बरंच केलं. खालच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, “ह्ये ऱ्हायलं. नव्या मीटरची जागा.”

“बाहीर!” आई लगेच म्हणाली. “ओसरीवर बसवा. कुणाला आत यायला नको, कुणाला कटकट नको.”

सोय तर उत्तम होती. गुलाबही खाली मान घालून म्हणाला, “ओसरी लिवा, सेक्रेटरी. मला बी बरं पडंल.”

मी दोघांकडं पाहिलं, पेन झटकलं आणि लिहिलं: ‘देवघर. पूर्वीच्याच भिंतीवर.’