पळता चौकोन

माण गावात सगुणाबाईंनी भाताचं खाचर विकून चार मजले चढवले होते. त्यातल्या तळमजल्यावर बंडोपंतांचं बिऱ्हाड होतं. उदगीरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेला हा माणूस. आजाराने दोन वर्षांत त्यांचे आधी पाय नेले, मग हात, मग जीभ. पापण्यासुद्धा धड मिटेनात. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं होतं आणि त्या बोटावर ते सगळं घर चालवत.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने खास त्यांच्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. पडद्यावर सगळी अक्षरं मांडलेली, आणि एक पिवळा चौकोन एकेका अक्षरावर थांबत पुढे जायचा. हवं त्या अक्षरावर तो आला की बोटाखालचं बटण दाबायचं. असं अक्षराला अक्षर जोडून ते 'कुशीवर वळवा' म्हणत, 'वरणात मीठ नाही' म्हणत. त्यांची बायको आशालताबाई पेपर वाचून दाखवत, त्यात एखादा उच्चार चुकला तर तोही सुधारत. मास्तरकी बोटात उतरली होती.

२००५च्या नोव्हेंबरात त्या कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड जळाला. मुलगा वेदांत शेजारच्या आयटी पार्कात नेमकं हेच काम करायचा. एका मशीनवरची अख्खी सिस्टिम जशीच्या तशी उचलायची आणि दुसऱ्या जातीच्या मशीनवर उभी करायची. त्याने नवा, चांगला वेगवान कॉम्प्युटर आणला आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर उतरवली. दोन दिवस ती सुरूच होईना, तिला नवा बोर्ड मानवेना. तिसऱ्या दिवशी पिवळा चौकोन फिरू लागला. वेदांतने बटण दाबून स्वतःचं नाव लिहून बघितलं. एकही चूक नाही. गडी खूश झाला.

मग बंडोपंतांनी लिहिलं, 'ठझषग'. पुन्हा लिहिलं, 'णणलफ'.

आठ दिवस हेच चाललं. डॉक्टर म्हणाले, हा आजार कधीकधी मेंदूपर्यंत जातो. त्यातलं 'कधीकधी' वेदांतच्या कानात शिरलंच नाही. "बाबांना आता काही कळत नाही, आई," खाटेशेजारी उभा राहून तो म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कॉम्प्युटर बंद झाला. हळूहळू पेपर वाचणं थांबलं. मध्ये नुसतं अंथरूण असावं तशी मायलेकरं खाटेवरून एकमेकांशी बोलू लागली. बंडोपंतांची थोरली बहीण उषा गेल्याचा फोन आला, तोही वेदांतने तिथेच उभ्या उभ्या घेतला.

सगुणाबाई लेकीच्या बाळंतपणाला पौडला गेल्या होत्या. तीन आठवड्यांनी परत आल्या त्या थेट मास्तरांना भेटायला.

"पेटी बंद का ठिवलीया?"

"काही उपयोग नाही, मावशी," वेदांत म्हणाला. " त्यांना कळत नाही आता."

"आरं, बोट बघ की त्यांचं. बंद पेटीवर बी दाबत्यात."

"सवयीने होतं ते."

"लाव बरं जरा."

वेदांतने लावला. सगुणाबाई पदराने चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे लई पळतंय, वेदांता. जुन्या पेटीत म्या मेथी निवडता निवडता वाचायची. हितं माजी नजर पुरंना, तर मास्तरांचं बोट कुटनं पुरंल?"

वेदांतच्या तेव्हा लक्षात आलं. प्रत्येक अक्षरावर थांबताना तो प्रोग्रॅम एका ठरावीक आकड्यापर्यंत मोजायचा. नवं मशीन तोच आकडा तिप्पट वेगाने मोजून मोकळं होत होतं. बंडोपंत दर वेळी बरोबर अक्षर धरत होते, पण बोट खाली जाईपर्यंत चौकोन पुढे निघून जायचा. आणि वेदांतने तपासलं ते स्वतःच्या तिशीतल्या बोटाने. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की त्याला वडिलांकडे बघवेना. त्याने प्रोग्रॅममधला तो आकडा शोधून तिप्पट केला. दोन मिनिटांचं काम होतं.

बोट आता फार थकलं होतं. तासभर लागला. आशालताबाई एकेक अक्षर मोठ्याने वाचत होत्या. शेवटी पडद्यावर होतं, 'उषाची आंघोळ'.

फोन आला त्या दिवशी रीतीप्रमाणे मायलेकरांनी उषाच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं होतं. बंडोपंतांना कुणी घातलं नव्हतं. ज्याला काही कळतच नाही, त्याला कसली आंघोळ? सख्ख्या भावाने मात्र सगळं ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तो बंद कॉम्प्युटरचं बटण दाबत पडला होता.

"म्या पानी तापवते," म्हणून सगुणाबाई उठल्या.

वेदांत वडिलांच्या नजरेसमोर येऊन बसला. "बाबा," तो म्हणाला, "उषाआत्या गेली. सोळा तारखेला, सकाळी. तुम्हाला सांगायला हवं होतं."

दोघांनी त्यांना उचलून मोरीतल्या खुर्चीत बसवलं. वेदांतने मान धरली आणि आशालताबाईंनी तांब्या ओतला.

अंग पुसून खाटेवर घेतल्यावर वेदांतने बटण पुन्हा त्यांच्या बोटाखाली दिलं. "माझ्यावर रागावलात, बाबा?"

चौकोन सगळ्या अक्षरांवरून तीनदा फिरून आला. बोट हललं नाही. वेदांतने तो आकडा आणखी वाढवला, चौकोन अजून सावकाश केला, आणि वाट बघत बसला.